अपंगांची गणना : प्रश्नाचे शब्द आणि उत्तराचे आकडे

भारताच्या जनगणनेत २००१ साली श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे १२.६ लाख भरली. २०११ साली ती ५०.७ लाख झाली. त्याच दशकात दृष्टिदोष असलेले १.०६ कोटींवरून ५०.३ लाखांवर आले. दहा वर्षांत देशातील बहिरेपण चौपट वाढले आणि अंधत्व निम्म्यावर आले, असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती मुख्यतः व्याख्या. एका डोळ्याने अंध असलेला मनुष्य २००१ मध्ये अपंग गणला गेला, २०११ मध्ये नाही. श्रवणयंत्र वापरणारा पहिल्या खेपेस वगळला गेला, दुसऱ्या खेपेस धरला गेला.

परंतु व्याख्या प्रगणकाच्या पुस्तिकेत राहते; दारात उच्चारले जाते ते वाक्य. २०११ च्या अनुसूचीत विचारणा होती ती 'ही व्यक्ती मानसिक वा शारीरिक दृष्ट्या अपंग आहे काय' अशी. येथे विधेयस्थानी विशेषण आहे, आणि असे विशेषण मराठीत माणसाची अवस्था सांगण्यापेक्षा त्याची ओळख ठरविते. खेड तालुक्यातील एखादी सून 'सासूबाईंना दिसत नाही, भिंत धरून चालतात' असे सहज सांगेल. 'त्या अपंग आहेत' असे क्वचितच म्हणेल. म्हातारपणाला आपण अपंगत्व म्हणत नाही. वॉशिंग्टन गटाच्या प्रश्नावलीत क्रियापदाला महत्त्व आहे : चष्मा लावूनही पाहण्यास अडचण पडते काय, चालण्यास पडते काय, आणि उत्तरे 'मुळीच नाही'पासून 'अजिबात जमत नाही'पर्यंत चार. ही रीत आम्हांस अधिक सरळ वाटते. तिच्यातही गोम आहेच. 'थोडी अडचण' हे उत्तर आपल्याकडे पुष्कळदा संकोचाचे असते.

राजगुरुनगरच्या दक्षिणेस चाकणची औद्योगिक वसाहत आहे. यंत्राच्या दाबाखाली बोटे गमावणे हा अशा कारखान्यांतील परिचित अपघात होय. २००१ च्या सूचनेनुसार एखादे बोट नसणे हे अपंगत्व नव्हते. सर्व बोटे वा अंगठा गेला असेल तरच नोंद व्हावयाची. उलट १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने एका हाताची दोन बोटे गेल्यास अर्जनक्षमतेची हानी २० टक्के मानली होती. एकच हात एका दप्तरी पंचमांशाने उणा, दुसऱ्या दप्तरी अखंड. शिवाय असा कामगार प्रगणक येतो तेव्हा पाळीवर असतो. त्याच्या वतीने उत्तर देतो तो खोलीतील जोडीदार, आणि तेही बहुधा त्या दोघांच्याही मातृभाषेत नव्हे.