पेग मोजणारं ॲप आणि गप्प राहिलेली माणसं

दिवाळीनंतर मामीचा फोन आला. "अगं, तू त्या मोबाइलवरच्या उपचारांवर पीएचडी करतेस ना? मग ह्यांची दारू सुटायचं एखादं ॲप टाकून दे की त्यांच्या फोनवर." मी म्हटलं, बघून सांगते. बघून झाल्यावर जे सांगायचं होतं ते फोनवर मावेना, म्हणून इथे लिहितेय. मामीला काय सांगितलं ते शेवटी येईलच.

आधी एक गोष्ट. ॲप स्टोअरमध्ये 'अल्कोहोल' असं शोधलंत तर ढीगभर ॲप मिळतात. २०१५ साली लंडनमधल्या संशोधकांनी त्या ढिगातली ६६२ ॲप चाळली. लोकांची दारू कमी व्हावी म्हणून बनवलेली त्यात ९१ निघाली. निम्म्याहून जास्त ॲप करमणुकीची होती. तेव्हा 'ॲप चालतं का' हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठलं ॲप, कुणासाठी, आणि चालतं म्हणजे नेमकं काय होतं, असं विचारावं लागतं.

ज्याच्यामागे सर्वांत जास्त अभ्यास आहे अशा मोजक्या ॲपपैकी एक घेऊ: 'ड्रिंक लेस'. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या गटाने बनवलेलं. रोज किती घेतली ते नोंदवायचं, स्वतःसाठी लक्ष्य ठरवायचं, आपल्या वयाचे बाकीचे लोक किती घेतात ते बघायचं, मोहाच्या वेळेची आखणी करायची. रात्री आठला एक आठवण येते. त्या आठवणीचीही वेगळी चाचणी झालीय. आठवण आली की पुढच्या तासाभरात ॲप उघडलं जाण्याची शक्यता सुमारे साडेतीन पटींनी वाढते. पण ॲप उघडणं वेगळं आणि बाटली न उघडणं वेगळं, हे तुम्हीही ओळखलं असेल.

२०१८ साली याच गटाने ॲपचे पाच भाग सुटे करून तपासले. कुणाला हा भाग पूर्ण, कुणाला तोच भाग पातळ करून, असे चिठ्ठ्या टाकून ६७२ लोक वाटले. महिन्याभराने विचारायला गेले तर २७ टक्के लोकांनीच उत्तर दिलं. शंभरातले त्र्याहत्तर गप्प. एकट्या कुठल्याच भागाचा ठळक परिणाम दिसला नाही. दिसला असता तरी तो किती मानायचा, हा प्रश्न होताच.

म्हणून मग मोठी चाचणी. तिचा निकाल २०२४ मध्ये आला आणि माझा खरा मुद्दा तिथे आहे. ब्रिटनमधले ५६०२ लोक घेतले. सगळे धोकादायक प्रमाणात पिणारे, आणि सगळे 'मला कमी करायचीय' असं स्वतः म्हणणारे. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना ॲप सुचवलं, निम्म्यांना तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं दारूविषयीच्या सल्ल्याचं वेबपान. सहा महिन्यांनी विचारलं, आठवड्याला किती घेता? या वेळी पाठपुरावा चांगला होता, सुमारे ८० टक्के लोकांनी उत्तर दिलं.

आता उरलेल्या २० टक्क्यांचं काय करायचं? चाचणी सुरू व्हायच्या आधीच संशोधकांनी मुख्य नियम जाहीर केला होता: जो उत्तर देणार नाही तो पूर्वीइतकीच पितोय असं धरू. कडक नियम आहे, आणि प्रामाणिक आहे. त्या नियमाने हिशेब केला तेव्हा ॲपवाल्यांनी वेबपानवाल्यांपेक्षा आठवड्याला ०.९८ युनिट जास्त कमी केलं, आणि कॉन्फिडन्स इंटर्व्हल होता २.६७ युनिटच्या घटीपासून ०.७० युनिटच्या वाढीपर्यंत. म्हणजे फरक आहे की नाही, ठामपणे सांगता येत नाही.

दुसरा हिशेबही त्यांनी आधीच जाहीर करून ठेवला होता. उत्तर न देणारे लोक शिक्षण, उत्पन्न, व्यवसाय यांत वेगळे दिसत होते. म्हणून त्यांची रिकामी घरं त्यांच्यासारख्या लोकांच्या उत्तरांवरून, अनेकदा, थोड्याथोड्या फरकाने भरायची आणि मग सरासरी काढायची. याला मल्टिपल इम्प्युटेशन म्हणतात. असं केल्यावर फरक आला २.०० युनिट, इंटर्व्हल ३.७६ ते ०.२४ युनिटची घट. शून्य बाहेर गेलं. आकडा 'लक्षणीय' झाला.

माणसं तीच आणि त्यांनी दिलेली उत्तरंही तीच. जे बोललेच नाहीत त्यांच्याबद्दलचं गृहीतक तेवढं बदललं, आणि फरक दुप्पट झाला.

हे कसं होतं ते बघायला एक खेळण्यातला हिशेब करू (आकडे माझे, चाचणीतले नाहीत). दोन्हीकडे दहा-दहा माणसं. ॲपकडच्या सातांनी उत्तर दिलं, प्रत्येकाने १० युनिट कमी केले. वेबपानाकडच्या आठांनी उत्तर दिलं, प्रत्येकाने ८ कमी केले. बोलणाऱ्यांची तुलना केली तर ॲप २ युनिटने पुढे. पण गप्प बसलेल्यांना 'काहीच कमी केलं नाही' असं धरा: ॲपकडे ७० भागिले १०, म्हणजे ७. वेबपानाकडे ६४ भागिले १०, म्हणजे ६.४. पुढारी आता ०.६ ने पुढे. गप्प बसलेल्यांबद्दल काय गृहीत धरलं, एवढ्यावरून.

मग बरोबर कोण? माझं मत सांगते. कडक नियम अवास्तव आहे हे संशोधकांचं म्हणणं मला पटतं. उत्तर न देणाऱ्या प्रत्येकाने एक थेंबही कमी केला नाही, असं कसं होईल? पण दुसरा हिशेबही एक मोठी गोष्ट गृहीत धरतो. शिक्षण, उत्पन्न, सुरुवातीचं पिणं यांत जो तुमच्यासारखा आहे, तो गप्प असला तरी पिण्यातही साधारण तुमच्यासारखाच निघेल, ही ती गोष्ट. दारूच्या बाबतीत मला नेमकं हेच पटत नाही. आमच्या घरात तरी माणूस फोन उचलायचं कधी बंद करतो? जेव्हा परत सुरू झालेली असते तेव्हा. सुरुवातीला भरलेल्या कुठल्याच रकान्यात ते दिसत नाही. संशोधकांनी लपवलं काही नाही, दोन्ही आकडे सारांशातच आहेत. पण पुढे जाहिरातीत, बातमीत, भाषणात दोनचा आकडा जातो आणि ०.९८ मागे राहतो. माझ्यासाठी या चाचणीचा खरा निकाल म्हणजे हे दोन आकडे एकत्र, आणि त्यांच्यामधली ती जागा.

बरं, दोन युनिट म्हणजे तरी किती? ब्रिटनचं एक युनिट म्हणजे १० मिलिलीटर शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडची ४२.८ टक्क्यांची व्हिस्की ६० मिलिलीटर, म्हणजे एक लार्ज, घेतली तर सुमारे २.६ युनिट होतात. म्हणजे आशावादी हिशेबानेसुद्धा वेबपानाच्या तुलनेत ॲपची जादा कमाई आठवड्याला एका लार्जपेक्षा कमी. हसू नका. लाखो लोकांनी फुकटचं ॲप वापरून एवढं कमी केलं तर देशाच्या पातळीवर ते मोठं काम आहे, आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने त्यात रस घेणं योग्यच. फक्त मामी जे मागतेय ते हे नव्हे.

मोजल्याने पिणं कमी होतं, हेसुद्धा आपोआप घडत नाही. स्वीडनमध्ये दारूविक्रीची मक्तेदारी असलेल्या सरकारी कंपनीचं एक ॲप होतं, प्रोमिलेकोल. किती प्यायलात ते टाका, रक्तात अंदाजे किती अल्कोहोल आहे ते ते सांगणार. जास्त पिणाऱ्या १९३२ विद्यार्थ्यांवर तपासलं, निकाल २०१४ मध्ये छापून आला. ॲप मिळालेल्या मुलग्यांमध्ये पिण्याच्या वेळा उलट वाढल्या! का, ते चाचणीवरून कळत नाही. माझा अंदाज असा की 'अजून मर्यादेत आहे' हे वाक्य काही जणांना परवानगीसारखं ऐकू येतं.

आणि मोजायचं तरी कशात? या ॲपमध्ये पाइंट असतो, वाइनचा ग्लास असतो. मामांचं माप क्वार्टर आहे. १८० मिलिलीटर, म्हणजे जवळजवळ ७.७ युनिट, एका बाटलीत. ब्रिटनचा सल्ला आहे आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नका. दोन क्वार्टरमध्ये आठवडा संपला. हातभट्टीच्या फुग्यावर तर टक्केवारी छापलेलीच नसते, तिथे युनिट काढणार कसं? त्या ५६०२ जणांत जवळजवळ सगळे गोरे, निम्म्याहून जास्त बायका. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) पंधरा वर्षांवरचे सुमारे १९ टक्के पुरुष पितात आणि साधारण १ टक्का बायका. एका समाजात मोजलेला परिणाम दुसऱ्यात जसाच्या तसा उचलून ठेवता येत नाही, एवढंच म्हणते.

आता यातला धोक्याचा भाग, तो नीट वाचा. अशी ॲप जास्त पिणाऱ्यांसाठी असतात, दारूवर अवलंबून असलेल्यांसाठी नसतात. सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि घोट घेतल्यावर थांबतात, अशा माणसाने ॲपचं ऐकून 'आजपासून शून्य' केलं तर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. पुढे दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप, बडबड अशी अवस्था येऊ शकते, आणि उपचार नाही मिळाले तर ती जिवावर बेतते. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीत, औषधं देऊन थांबवावी लागते. मी मामीला पहिला प्रश्न हाच विचारला. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "चहाची बशी सांडते ना सकाळी."

अवलंबून असलेल्यांसाठी फोन निरुपयोगीच, असंही नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गटाने 'ए-चेस' नावाची व्यवस्था तपासली (२०१४). व्यसनमुक्ती केंद्रात राहून घरी निघालेले ३४९ रुग्ण. निम्म्यांना नेहमीचा पाठपुरावा, निम्म्यांना त्याशिवाय आठ महिने हे ॲप असलेला स्मार्टफोन. जुन्या अड्ड्याच्या आसपास गेलं की फोन सावध करायचा, एक बटण दाबलं की मदत मिळायची, आणि समुपदेशकाशी संपर्क राहायचा. धोकादायक पिण्याचे दिवस महिन्याला सरासरी २.७५ ऐवजी १.३९ झाले. पण नीट बघा, इथे उपचार आधी झालाय आणि फोनच्या पलीकडे माणूस आहे. ॲपने नातं तयार केलं नाही, असलेलं टिकवलं.

ॲपशिवायचाही एक अभ्यास जवळचाच आहे, गोव्यातला. 'संगथ' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुष घेतले. त्यांच्याशी बोलायला डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. तीन महिन्यांनी मागच्या चौदा दिवसांत अजिबात न प्यायलेले ४२ टक्के, तुलनेच्या गटात १८ टक्के. निकाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. इथेही खोट आहे: जे पीत राहिले त्यांचं प्रमाण मात्र घटलं नाही, आणि या अभ्यासात मध्यम तीव्रतेचे पिणारे होते, मामांसारखे नव्हेत. तरी जवळजवळ नऊदशांश लोकांनी शेवटी उत्तर दिलं, हे मला निकालाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

एक गोष्ट ओझरती. तुम्ही ॲपमध्ये टाकता ती नोंद कुठे जाते? अमेरिकेत मॉन्युमेंट या दारूच्या ऑनलाइन उपचार कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये कारवाई केली, रुग्णांची माहिती मेटा आणि गूगलसारख्या कंपन्यांकडे जाहिरातीसाठी गेल्याबद्दल. आपल्या महाराष्ट्रात तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे प्यायलाही परवाना लागतो. तो किती जणांच्या खिशात असतो ते तुम्हाला माहीतच आहे. अशा ठिकाणी तारीखवार पेग लिहून कुठल्याशा सर्व्हरवर ठेवायचे, हे मला तरी जड जातं.

तुम्हाला स्वतःला आठवड्याची बिअर थोडी आवरायची असेल, हात थरथरत नसतील, तर 'ड्रिंक लेस'सारखं ॲप वापरून बघायला माझी हरकत नाही. अपेक्षा एका पेगची ठेवा. मामांच्या फोनवर मात्र मी काही टाकलं नाही. मामीला १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन दिली आणि मानसोपचार विभागाची ओपीडी कुठल्या दिवशी असते ते काढून दिलं. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार आपल्याकडे दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांतला एक जण कसल्यातरी उपचारापर्यंत पोहोचतो, त्यामुळे हे जमेल याची मला खात्री नव्हती.

मागच्या मंगळवारी दोघं गेले. डॉक्टरांनी विचारलं, किती घेता? मामा म्हणाले, थोडीशी. मामीने मागून दोन बोटं वर केली आणि म्हणाली, "क्वार्टर. एक सकाळी, एक रात्री."