कोंबुचा : दावा आणि पडताळा

आंबवलेले पदार्थ उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरला नवे नाहीत. इडली, ताक, सिंधी घरांतील पाण्याचे लोणचे ही नित्याचीच उदाहरणे. कोंबुचाही याच जातकुळीतला. गोड चहातील साखरेपासून यीस्ट अल्कोहोल बनवते; जीवाणू त्याचे ॲसिटिक आम्ल करतात. मग त्यालाच 'मधुमेहावर गुणकारी' हे बिरुद कसे?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात १२ मधुमेही होते. चार आठवडे रोज कोंबुचा घेतल्यावर त्यांची उपाशीपोटीची सरासरी रक्तशर्करा दर १०० मि.लि.मागे १६४ वरून ११६ मि.ग्रॅ. झाली. परंतु तुलनेसाठी दिलेल्या नकली पेयानेही ती १६२ वरून १४१ वर आली! म्हणजे सगळी घट कोंबुचाच्या खाती जमा करता येत नाही. शिवाय १२ माणसांवरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येत नाही.

हीच कसोटी उलटही लावावी. १९९५ मध्ये अमेरिकेतील आयोवात कोंबुचा पिणाऱ्या दोन स्त्रिया गंभीर आजारी पडल्या, एक दगावली. पण कारण कोंबुचाच, हे सिद्ध झाले नाही.

जाहिरात वाचून कोणी मधुमेहाची गोळी सोडली, तर मात्र धोका खरा आहे. म्हणून विद्यार्थ्यांना प्रत्येक दाव्याला विचारायला शिकवू या : तुलना कशाशी केली? किती जणांवर?