मुखनलिकेतील अनुनाद : गणिताचे सामर्थ्य आणि मर्यादा

गुन्नार फांट यांचा वाणीनिर्मितीच्या ध्वनिसिद्धान्तावरील ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला आणि स्वर ही केवळ कानाने पारखावयाची वस्तू न राहता गणिताने पडताळता येण्याजोगी वस्तू झाली. चिबा आणि काजियामा या जपानी संशोधकांनी १९४१ साली ही वाट दाखविली होती. तथापि क्ष-किरण चित्रांवरून मुखमार्गाच्या निरनिराळ्या छेदांचे क्षेत्रफळ ठरवून त्यापासून अनुनाद काढण्याच्या पद्धतीस फांट यांनी शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली.

या पद्धतीचे मूलतत्त्व सोपे आहे. कंठापासून ओठांपर्यंतची पोकळी ही एका टोकास बंद व दुसऱ्या टोकास उघडी नळी होय. तिची लांबी १७.५ सेंटिमीटर, रुंदी सर्वत्र सारखी आणि ध्वनीचा वेग सेकंदास ३५० मीटर धरला, तर सेकंदास ५००, १५०० व २५०० कंपनांवर तिच्यात अनुनाद होतो. मराठी 'अ' उच्चारताना जीभ मध्यस्थितीपासून फारशी ढळत नाही. म्हणून तो या आदर्श नळीस बराच जवळचा ठरतो. इतर स्वरांत नळी कोठे अरुंद, कोठे रुंद होते आणि अनुनाद सरकतात. १९६२ साली बेल प्रयोगशाळेतील केली व लॉकबॉम यांनी नळीचे लहान तुकडे कल्पून, प्रत्येक सांध्यावर ध्वनितरंगाचा किती अंश परततो हे संगणकाकरवी काढून कृत्रिम वाणी निर्माण केली. आज सान्त-घटक पद्धतीने त्रिमितीय पोकळीचेही असे गणित करता येते.

दोष उद्भवतो तो या गणिताची दिशा उलटविली असता. आकारावरून अनुनाद निश्चित होतात. अनुनादांवरून आकार निश्चित होत नाही. ओठ पुढे काढून नळी लांबविली काय, किंवा ओठांचे द्वार आकुंचित केले काय, अनुनाद खालीच येतात. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली संगणकाच्या साहाय्याने असंख्य आकार तपासून दाखविले की, भिन्न आकारांचे मुखमार्ग तेच पहिले तीन अनुनाद देऊ शकतात. तेव्हा 'उ' या स्वराचे मोजलेले आणि गणिताने काढलेले आकडे जुळले, एवढ्यावरून जिभेची स्थिती सिद्ध झाली असे मानणे तर्कास धरून नाही.

फांट यांच्या ग्रंथावर हा आक्षेप येत नाही. त्यांची चित्रे एकाच रशियन भाषकाची होती, ही मर्यादा खरी. परंतु त्यांनी आकार ध्वनीवरून अनुमानिला नाही, तो चित्रावरून स्वतंत्रपणे मोजला आणि मगच गणित मांडले. त्यांच्या आकड्यांच्या मेळास जे प्रमाणमूल्य आहे ते याच क्रमामुळे. आकाराचा स्वतंत्र पुरावा न घेता केवळ संगणकावर नळी जुळवून पाहणारा अभ्यासक फांट यांचे गणित स्वीकारतो, पण त्यांचे प्रमाण मागे सोडतो. स्वनविज्ञानास गरज आहे ती दोहोंची.