ऑन कावारा : एका दिवसाचे माप

ऑन कावारा या जपानी संकल्पनावादी चित्रकाराच्या १९६४ पासूनच्या कार्याचे ‘सायलेन्स’ हे प्रदर्शन २०१५ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात भरले. चित्रकार आदल्याच वर्षी निवर्तला होता. त्याच्याविषयी लिहिताना समीक्षक ‘झेन’ हा शब्द फार स्वस्तात वापरतात. तो तपासून घ्यावा असे आम्हांस वाटते.

४ जानेवारी १९६६ पासून कावारा एकरंगी पटावर त्या त्या दिवसाची तारीख तेवढी रंगवी. मध्यरात्रीपर्यंत चित्र पुरे न झाल्यास ते नष्ट करी. १९७० च्या पहिल्या तीन महिन्यांत त्याने एकही दिवस चुकविला नाही. ती ९७ चित्रे ‘दैनंदिन ध्यान’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली एकत्र मांडली होती. ध्यान म्हटले की पालीच्या अभ्यासकाला कसोटी लावणे भाग पडते. अंगुत्तर निकायाच्या छक्कनिपातात एक सुत्त आहे. नादिक येथे भगवंतांनी भिक्खूंना विचारले, मरणस्सतीची भावना कशी करता? एक म्हणाला, एक अहोरात्र जगावे आणि तेवढ्या अवधीत भगवंतांचे शासन मनी धरावे, तर पुष्कळ साधले. कोणी दिवस म्हणाला, कोणी एका जेवणाचा वेळ, कोणी चार-पाच घास. या सर्वांना भगवंतांनी प्रमत्त ठरविले. एक घास वा एक श्वास म्हणणारे तेवढे अप्रमत्त! कावाराचे माप दिवसाचे आहे. शिवाय भिक्खूला तो दिवस शासनासाठी हवा होता; येथे दिवस कशासाठी, हे पटावर कोठेच नाही.

ते पेटीत आहे. चित्रासाठी तो पुठ्ठ्याची पेटी करी आणि पुष्कळदा तीत त्याच दिवसाच्या वर्तमानपत्राचे कात्रण घाली. भिंतीवर अनिच्च, पेटीत दुक्ख. अशा काही पेट्या उघड्या मांडल्या, हे संयोजकांचे खरे श्रेय होय.

परंतु १९५३-५४ ची ‘स्नानगृह’ मालिका येथे नव्हती. फरशीच्या कोंदट खोल्यांत छिन्नविच्छिन्न देह दाखविणारी ही रेखाटने हिरोशिमानंतर अवघ्या आठ-नऊ वर्षांतली. त्यांच्यावाचून पुढचे मौन सहज शांती म्हणून खपते. दुःख वगळून शांती दाखविण्याची ही रीत आमच्या वाचकांना नवी नाही.

तळमजल्यावर ‘दहा लक्ष वर्षे’ या ग्रंथाचे वाचन चाले. त्याचा भूतकाळाचा भाग जगून मृत्यू पावलेल्या सर्वांना अर्पण केला आहे. एक पुरुष व एक स्त्री आळीपाळीने एकेक सन उच्चारीत, आणि प्रत्येक सनाला एक श्वास लागे.