पडदे काढले, पुढे काय? फ्रेटलेस बेस आणि सुराची जबाबदारी



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर एकदोघांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञानाचे मास्तर बेस गिटारवर काय बोलणार? शंका रास्त आहे. आम्ही ३५ वर्षं वर्गात कांट आणि न्यायदर्शन शिकवलं, आणि जवळजवळ तेवढीच वर्षं संध्याकाळी बेस वाजवला. पहिल्या कामाचं पेन्शन मिळतं, दुसऱ्याचं नाही. (हशा)

आज आपण एका ध्वनिमुद्रिकेची चिकित्सा करणार आहोत आणि तिच्या निमित्ताने थोडा व्यवहारी सल्लाही देणार आहोत. ध्वनिमुद्रिका आहे १९७६ सालची, जॅको पास्टोरियस या अमेरिकन बेसवादकाची. तिचं नावही त्याचंच. फ्रेटलेस बेस विकत घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी ती ऐकवतं आणि म्हणतं, 'बघ, पडदे काढले की वादक मोकळा होतो.' आमचा वाद या वाक्याशी आहे.

आधी वाद्याचं सांगतो. लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणलेल्या बेस गिटारचं नाव होतं 'प्रिसिजन'. म्हणजे अचूकपणा. तोवर बेस म्हणजे माणसाच्या उंचीचं उभं वाद्य, त्याच्या मानेवर पडदे नाहीत, सूर कानाने शोधायचा. फेंडरनी गिटारसारखे धातूचे पडदे ठोकले. बोट दोन पडद्यांमध्ये कुठेही दाबा, सूर ठरलेल्या जागीच बोलणार. मग १९६६ साली अँपेगने पडदे नसलेली बेस गिटार विकायला काढली आणि १९७० मध्ये खुद्द फेंडर कंपनीने बिनपडद्यांची प्रिसिजन आणली. नाव अचूकपणा, आणि अचूकपणाची सोयच काढून घेतलेली. हा विनोद त्यांच्या लक्षात आला होता का, कोण जाणे.

पास्टोरियसची बेस १९६२ सालची फेंडर जॅझ बेस होती. पडदे उपटून खाचा लाकडाच्या लुकणाने बुजवलेल्या, आणि वर होडीला लावतात तसल्या इपॉक्सीचा कडक थर. पडदे आपणच काढले असं तो सांगे, आणि कधी विकत घेतली तेव्हाच ते नव्हते असंही सांगे. दंतकथा अशाच वाढतात. आपण दंतकथा सोडून आवाजाकडे जाऊ.

पहिलीच रचना 'डोना ली'. चार्ली पार्करच्या नावाशी जोडलेली, बीबॉपमधली अवघड धून. पास्टोरियस ती बेसवर वाजवतो आणि साथीला फक्त डॉन अलायस यांचे काँगा. ऐकणारा थक्क होतो, आम्हीही झालो होतो. पण समीक्षकाने थक्क होऊन थांबायचं नसतं. इथे साथीला पियानो नाही, गिटार नाही, एकही सुरांचं वाद्य नाही. म्हणजे सूर चढला की उतरला, हे ताडून पाहायला त्याच्या स्वतःच्या मागच्या सुराशिवाय दुसरं काही नाही. शिवाय लय इतकी जलद की एकही सूर पुरेसा थांबत नाही. म्हणून आमचं म्हणणं असं, की 'डोना ली' हा त्याच्या उच्चाराचा आणि वाक्यरचनेचा थोर पुरावा आहे, पण फ्रेटलेसवरच्या सुरेलपणाचा पुरावा म्हणून तो दुबळा आहे.

तो पुरावा हवा असेल तर त्याच वर्षीची जोनी मिचेल यांची 'हेजिरा' काढा. तिथे काही गाण्यांत तो साथीला आहे. गाणाऱ्या बाईंच्या आवाजाखाली एकच सूर लांब धरायचा, त्याला थोडी मींड द्यायची आणि गिटारच्या तारांशी भांडायचं नाही, हे काम 'डोना ली'हून कठीण आहे. लांब सुराला लपायला जागा नसते. नव्या मुलांना आम्ही नेहमी सांगतो, शंभर वेळा 'डोना ली' ऐकण्यापेक्षा 'हेजिरा' दहा वेळा ऐका.

आता आमची स्वतःची फजिती सांगतो, कारण तिथेच आमचा खरा मुद्दा आहे.

पस्तिशीत असताना आम्ही मुंबईत एक जुनी बेस स्वस्तात घेतली आणि पडदे काढवून घेतले. खाचांत पांढुरक्या लाकडाच्या पट्ट्या बसवल्या, त्यामुळे कुठे पडदा होता ते रेषांवरून दिसत असे. रोज दोन तास रियाज. बोट बरोब्बर रेषेवर. आम्हाला फार अभिमान होता. एकदा एका गायिकेच्या तालमीला बसलो. तानपुरा सुरू होता. दहा मिनिटांनी त्या अदबीने म्हणाल्या, 'सर, तुमचा गंधार चढतोय हो.' आम्ही बोट पाहिलं. रेषेवरच होतं. मग आम्ही तारा बदलल्या. पिकअप बदलला. अँप्लिफायर बदलला. वर्षभराचा पगार त्यात गेला म्हटलं तरी चालेल. घरातून जे ऐकावं लागलं ते इथे सांगत नाही. (हशा) आणि गंधार चढाच.

कारण साधं होतं. पडदा ज्या जागी असतो ती जागा समविभागी सप्तकाची. एका सप्तकाचे १२ सारखे तुकडे, प्रत्येक १०० सेंटचा. त्यात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. पण तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटतो तो गंधार ५ ला ४ या प्रमाणाचा, साधारण ३८६ सेंटवर. १४ सेंटचा फरक. बेसची तार ३४ इंचांची असते. त्या तारेवर पडद्याचा गंधार सुरुवातीच्या टोकापासून ७ इंचांच्या किंचित पुढे येतो आणि स्वयंभू गंधार ६.८ इंचांवर. अंतर साडेपाच मिलिमीटरच्या आतबाहेर. तेवढ्या साडेपाच मिलिमीटरसाठी आम्ही वर्षभर दुकानं पालथी घातली. पडदे लाकडातून निघाले होते, डोळ्यांतून निघाले नव्हते.

आता त्या मुद्रिकेतली 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' ऐका. ही बहुतांशी हार्मोनिक्सवर उभी आहे. तार दाबायची नाही, ठरावीक बिंदूंवर बोट नुसतं टेकवायचं की वरचे स्वर घंटेसारखे वाजतात. हे बिंदू कारागीर ठरवत नाही, तार ठरवते: अर्धं, तिसरा भाग, चौथा भाग, पाचवा भाग. ३४ इंचांचा पाचवा भाग किती? ६.८ इंच. तोच बिंदू! तिथे दाबलं तर स्वयंभू गंधार, नुसतं टेकवलं तर तोच गंधार दोन सप्तकं वर.

(इथे वक्त्यांनी बेसवर दोन्ही सूर वाजवून दाखवले.)

ऐकलंत? ज्या रचनेला लोक पडद्यांपासून मुक्तीचं गाणं समजतात, तिच्यातले बहुतेक स्वर अशा जागी आहेत जिथे वादकाला काडीचंही स्वातंत्र्य नाही. बोट त्या बिंदूवरून सरकलं की स्वर मरतो. म्हणून आम्ही म्हणतो, मोकळेपणा हा शब्द चुकीचा आहे. पडदा काढल्यावर नियम जात नाही. नियम पाळण्याचं काम कारागिराकडून तुमच्याकडे येतं, इतकंच.

इथे एक जुना वाद आठवतो. ग्रीसमध्ये पायथागोरसचे अनुयायी म्हणत, सूर प्रमाणाने ठरतो. ॲरिस्टॉटलचा शिष्य ॲरिस्टोक्सेनस म्हणे, कान हा न्यायाधीश. आपल्याकडेही हा झगडा झाला. कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली २२ श्रुतींवर पुस्तक लिहिलं ते प्रमाणं मांडण्यासाठी, आणि पुढे १९४० मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली तेव्हाही तिचे स्थिर स्वर हा आक्षेपाचा मोठा भाग होता. आम्ही कुठल्या पक्षाचे? 'कंटिन्युअम' ऐकताना आम्हाला उत्तर सापडलं. तिथे बेसबरोबर इलेक्ट्रिक पियानो आहे, म्हणजे समविभागी स्वर. तिथे तुम्ही तानपुऱ्याचा गंधार लावलात तर तुम्हीच बेसूर! पास्टोरियस आमच्या कानाला तिथे पियानोशी जुळवून घेताना ऐकू येतो. तेव्हा योग्य जागा एकट्या मानेवर नसते. ती तुम्ही कुणाबरोबर बसला आहात यावर ठरते. पण याचा अर्थ काहीही चालतं असा नाही. सोबत ठरली की जागाही ठरली, आणि मग चूक ही चूकच.

बरं, आता व्यवहाराचं. दरवेळी हेच प्रश्न येतात, म्हणून क्रमाने सांगतो.

आपली चांगली बेस फोडू नका. पडदे काढायचेच तर स्वस्तातली जुनी घ्या, आणि कारागिराला सांगा की खाचा नीट भरा आणि नटच्या खाचाही खाली न्या. पडद्याची उंची गेली की तारा नटपाशी उगाच उंच राहतात. मान जवळजवळ सरळ हवी. तार फळीला हलकेच घासत कंपन करते तेव्हाच तो 'म्वाऽ' असा फुलणारा आवाज येतो. तार फार उंच असेल तर तो येत नाही.

रेषा असलेली घ्यावी की बिनरेषांची? रेषा असलेली घ्या, लाज बाळगू नका. पास्टोरियसच्या बेसवरही बुजवलेल्या खाचा दिसत होत्या. बिनरेषांची घेतलीत तर कडेचे ठिपके पडद्याच्या जागी आहेत की दोन पडद्यांच्या मध्ये, हे दुकानातच तपासा. पडद्याच्या बेसवर बोट पडद्याच्या मागे ठेवतात, इथे थेट जागेवर, तेही बोटाच्या टोकाने. एक गंमत ध्यानात ठेवा. खाली पहिल्या पडद्यापाशी ५ मिलिमीटरची चूक म्हणजे साधारण १० सेंट. बाराव्यापाशी तीच चूक २० सेंट. वर जाल तसं चुकीचं भाडं दुप्पट.

तारा. पास्टोरियस रोटोसाउंडच्या गोल गुंडाळीच्या तारा वापरी. त्या झगझगीत बोलतात, पण कानसीसारख्या लाकूड खातात, म्हणूनच तो इपॉक्सीचा थर. रोजवूडची उघडी फळी असेल तर सपाट गुंडाळीच्या तारा लावा. आवाज थोडा मऊ येईल, फळी टिकेल.

आवाज लावताना खालचा घुमारा कमी ठेवा. सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झच्या जवळ असते, आणि इतक्या खाली आपला कान सुराचा बारीक फरक नीट पकडत नाही. तो वरच्या स्वरांशांवरून सूर ओळखतो. म्हणून ब्रिजजवळचा पिकअप, ब्रिजजवळ छेडणं आणि मधल्या पट्टीचा आवाज. सूर दिसायला उजेड लागतो. आणि कोरस नावाचं पेडल पहिली दोन वर्षं घेऊच नका. ते तुमच्या सुराच्या शेजारी किंचित हललेला दुसरा सूर ठेवतं, मग मधली चूक कुणालाच कळत नाही, तुम्हालाही नाही. कंपन, म्हणजे व्हायब्रॅटो, त्याचंही तेच. आधी सूर स्थिर लावा, मग हलवा. सूर शोधायला बोट हलवणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

रियाज तानपुरा लावून करा, फोनवरचा चालेल. एक दिवस तानपुरा, एक दिवस पेटी. दोन्हींचा गंधार वेगळा लागतो हे बोटाला कळू द्या. आणि आठवड्यातून एकदा स्वतःचं ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना प्रत्येक जण सुरेल असतो.

एक उदाहरण अनुकरणाचं नाही तर विवेकाचं देतो. १९८३ साली पॉल यंग यांच्या 'व्हेअरएव्हर आय ले माय हॅट' या गाण्यात पिनो पॅलाडिनो फ्रेटलेस बेसने सुरुवात करतो. पास्टोरियसच्या वेगाचा त्यात मागमूस नाही. थोडे सूर, सावकाश, मधली जागा रिकामी. त्या काळात ज्यांनी पास्टोरियसची बोटं उचलली ते आज ऐकवत नाहीत. पॅलाडिनोने त्याचा कान उचलला असावा, असं आम्हाला वाटतं. आणि पास्टोरियस स्वतः १९८७ साली, पस्तिसाव्या वर्षी, गेला. आम्ही त्या वयात रेषेवर बोट ठेवून मिरवत होतो.

शेवटचं. गेल्या वर्षी कानाच्या डॉक्टरांनी आम्हाला आलेख दाखवला. वरच्या पट्टीतलं ऐकणं बरंच उतरलंय. ज्या स्वरांशांवरून सूर ओळखायचा, असं आत्ताच तुम्हाला सांगितलं, ते आता आमच्यापर्यंत पुरेसे पोचत नाहीत. म्हणून हल्ली वाजवताना आमची नात शेजारी बसते. ती अकरा वर्षांची आहे, गाणं शिकते. सूर चढला की ती फक्त 'आजोबा' म्हणते. पूर्वी आम्ही अशा वेळी तारा बदलत होतो. आता बोट मागे घेतो.

कुणाला प्रश्न असतील तर विचारा, फक्त थोडं मोठ्याने.