करवत, झाडू आणि शाळेचे वेळापत्रक

शिक्रापूरहून उत्तरेला पाबळ. तेथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील मोठे पद सोडून हा शास्त्रज्ञ कोरडवाहू गावात येऊन राहिला, आणि त्यातून माध्यमिक शाळेसाठी मूलभूत तंत्रज्ञान हा विषय उभा राहिला. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचे. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य ही चारही क्षेत्रे प्रत्येकाने शिकायची. आराखडा काढायचा, खर्च मांडायचा, मग वस्तू करायची.

या प्रयोगाचे कौतुक करणारे लोक 'श्रमप्रतिष्ठा' हा शब्द हमखास वापरतात. आम्हाला तो शब्द टोचतो. आमच्या आज्या-पणज्यांकडे श्रम कधी कमी नव्हते. नव्हती ती प्रतिष्ठा. लाहोरच्या परिषदेसाठी १९३६ साली लिहिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी वर्ध्याला हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना पुढे आली. १९५३ साली मद्रासमध्ये राजाजींनी तर मुलांनी अर्धा वेळ शाळेत आणि उरलेला वेळ आईबापांचा धंदा शिकण्यात घालवावा असा फतवाच काढला. पेरियारांच्या चळवळीने त्याला 'कुलशिक्षण' म्हणून झोडपले आणि १९५४ साली तो मागे घ्यावा लागला. हाताच्या शिक्षणाकडे आम्ही संशयाने पाहतो, त्यामागे हा इतिहास आहे.

म्हणूनच पाबळचे खरे मोल मला श्रमप्रतिष्ठेत दिसत नाही. ते 'चारही क्षेत्रे प्रत्येकाने' या अटीत आहे. बलुतेदारीचा पाया एका जातीला एक हत्यार हा होता. तोच मुलगा सकाळी वीजजोडणी करतो, दुपारी माती तपासतो, आणि मुलीच्या हाती वेल्डिंगचा होल्डर येतो, तेव्हा त्या पायाला धक्का बसतो. कलबागांनी हे जातीच्या भाषेत मांडले नाही. पण कृतीचा अर्थ कर्त्याच्या भाषेवर थोडाच अवलंबून असतो?

मात्र ही अट सुटली की विषय उलटा फिरतो. माझ्या शाळेत कार्यानुभवाचा तास असे. इतर मुले कागदाची फुले करीत, आम्हा तिघांच्या हाती झाडू येई. गुण सर्वांना सारखेच मिळत! आज महाविद्यालयात शिकवताना 'याला डोक्याचे जमणार नाही, हाताचे शिकू द्या' हे वाक्य मी ऐकतो, आणि ते कोणत्या वस्तीतल्या मुलाविषयी आहे हे विचारावे लागत नाही. सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांना हात हवेत. ते हात कोणी पुरवायचे हे जणू आधीच ठरलेले आहे.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीत दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावे. इंग्रजीत हे व्यवसाय वाटतात; मराठीत ती जातींची नावे आहेत. धोरण लिहिणाऱ्यांना हे जाणवले नसावे. आणि त्या उदाहरणांत कातडे कमावणारा नाही, गटार उपसणारा नाही.

तंत्रज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना म्हणून मी एक पाठ सुचवतो. हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली आणखी कडक झाला. तरी मैल्याच्या टाकीत माणसे मरतात. टाकीत साचणारा हायड्रोजन सल्फाइड हवेहून जड असतो, फार झाला की नाकाला वासही कळेनासा होतो. हे रसायनशास्त्र आठवीच्या मुलाला समजते. माणूस आत न उतरता टाकी रिकामी कशी करावी, झाकण कोठे ठेवावे, हा आराखड्याचा अस्सल प्रश्न आहे. दोन खड्ड्यांचे शौचालय तर शाळेतच बांधता येईल. एक खड्डा भरला की प्रवाह दुसऱ्यात वळवायचा. पहिल्यातल्या मैल्याचे दीड-दोन वर्षांत कोरडे खत होते. तंत्राने आपले काम केले. पण ते निर्धोक खत काढायलाही गाव कोणाला हाक मारते?

वर्गाने असे शौचालय बांधावे, आणि खड्डा उघडायच्या दिवशी हजेरीपटाच्या क्रमाने सर्वांच्या हाती फावडे द्यावे. त्या दिवशी कोणाचे पालक शाळेत तक्रार घेऊन येतात, ते मला पाहायचे आहे.