गोधडीतली 'माया' जरा बाजूला ठेवूया

एक खेळ करून बघा. गोधडीवरचा कुठलाही मराठी लेख घ्या आणि त्यातून 'आजी', 'माया' आणि 'ऊब' हे तीन शब्द खोडा. मी गेलं वर्षभर हा उद्योग करतेय. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या झाल्या, दिवाळी अंक झाले, रील्सखालचे मजकूरही सोडले नाहीत. बहुतेक वेळा शेवटी उरतं ते 'जुन्या साड्यांपासून शिवलेली' एवढंच. म्हणजे ज्या वस्तूवर लेख लिहिलाय ती वस्तू लेखात दिसतच नाही. आजी दिसते, लेखकाचं गाव दिसतं, लेखक स्वतः तर दिसतोच.

माझा प्रबंध उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमधल्या घरगुती शिवणकामावर आहे, हे इथे नेहमी येणाऱ्यांना माहीत आहे. आज त्यातला एकच प्रश्न घेते. गोधडीला चांगली किंवा वाईट कशी म्हणायची? हा प्रश्न घरी विचारला तेव्हा आईने कपाळाला हात लावला. "गोधडी कधी वाईट असते का गं?" आपण गोधडीला इतकं पवित्र करून ठेवलंय की तिच्याकडे डोळे उघडून बघायची सोय राहिलेली नाही. सगळ्याच गोधड्या सारख्याच प्रेमळ असतील तर ती शिवणारीने केलेल्या निवडींना काही अर्थच उरत नाही.

तर एक प्रत्यक्ष गोधडी घेऊ. अंबरनाथ पूर्वेच्या एका चाळीतली आहे. शिवणाऱ्या मावशी मूळच्या सातारकडच्या, त्यांच्या तोंडी गोधडी नाही, 'वाकळ'. नाव देऊ नको म्हणाल्या, म्हणून देत नाही. साधारण सहा फूट बाय चार फूट. खालचा थर जुन्या सुती साडीचा, मध्ये एक विरलेली चादर, आणि वरचा थर अख्खा जीन्सच्या कापडाचा. कापूस नाही. कापूस घातला की ती रजई किंवा दुलई होते. गोधडीत कापडावर कापड येतं आणि सगळे थर धावदोऱ्याने एकत्र धरले जातात. मावशी कडेपासून सुरुवात करतात आणि चौकोनात चौकोन असं करत आत येतात.

आता जीन्स का, असा प्रश्न उल्हासनगरच्या आसपास राहणाऱ्याला पडणार नाही. १९४९ साली फाळणीतून आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीचं उल्हासनगर झालं, आणि पुढे तिथे जीन्स शिवण्याचा धंदा उभा राहिला. कटिंगच्या टेबलावर कापडाचे कितीतरी थर एकावर एक पसरतात, कटर फिरतो, आणि पँटचे भाग काढून घेतल्यावर उरते ती कतरण. वालधुनी नदीच्या प्रदूषणाच्या प्रकरणात न्यायालयीन आदेश आल्यावर उल्हासनगरमधले जीन्स धुणारे कारखाने बंद झाले. शिलाई मात्र संपली नाही, त्यामुळे कतरणही संपली नाही.

इथे थोडं कापडाचं शास्त्र. कंटाळू नका, पुढे सगळं यावरच उभं आहे. जीन्सच्या कापडात उभे धागे निळीत रंगवलेले असतात आणि आडवे पांढरेच राहतात. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, बाहेरच्या बाजूला बसते. म्हणून कापड घासलं गेलं की आतला पांढरा रंग वर येतो. कारखान्यात आधी कापतात, मग शिवतात आणि शिवलेली पँट धुतात. फिकेपणा येतो तो या शेवटच्या टप्प्यात. म्हणजे कटिंग टेबलाखाली पडलेली कतरण पाण्यात कधीच गेलेली नसते. ती गडद असते, पुठ्ठ्यासारखी कडक असते आणि सगळी एकाच छटेची असते. तिचे आकारही ठरलेले. बैठकीच्या गोलाईमुळे चंद्रकोरी पडतात, पायाच्या बाजूने लांब पट्ट्या निघतात. उलट वापरलेली पँट उसवली की मोठे, लांबट तुकडे मिळतात आणि त्यावर फिके-गडद डाग असतात.

हे कळल्यावर मावशींची वाकळ एकदम वाचता येऊ लागते. कडेने चारी बाजूंना गडद निळी चौकट आहे, ती कतरणीची. मधला भाग फिका, तो वापरलेल्या पँटींचा. पहिल्यांदा बघताना मला ही नुसती रंगसंगती वाटली. पण गोधडी आधी कडेला विरते, तिथेच ओढाताण जास्त होते. म्हणून जाड, कोरं कापड कडेला, आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं अंगाखाली येणाऱ्या जागी. ही चौकट दिसायलाही उत्तम आहे, पण तिची जागा आधी टिकण्याने ठरवलीय. समीक्षेच्या भाषेत ज्याला रचना म्हणतात ती हीच.

आणि बरोबर मध्यावर चार गडद पंचकोन. मावशींनी मागचे खिसे उसवून काढले, तेव्हा खिशाखालचं कापड कधीच घासलं गेलं नव्हतं म्हणून तिथे मूळची नीळ शाबूत निघाली. खिसा गेला, सावली राहिली. चारही सावल्यांची टोकं आत, एकमेकींकडे वळलेली.

"मावशी, हे मुद्दाम असं लावलंत?"

"मग काय आपोआप येतंय व्हय? टोकं भायेर केली तर पसरल्यावाणी दिसतं. आत घेतली की चौक भरतो."

यापेक्षा नेमकं वाक्य मला माझ्या प्रकरणात लिहिता आलेलं नाही.

आता माझी फजिती. या वाकळीच्या डाव्या अंगाला टाक्यांच्या तीन ओळी सरळ जाता जाता अचानक वळतात, वळसा घालतात आणि पुन्हा रांगेत येतात. मला हा वळसा फार आवडला होता. एका परिषदेतल्या निबंधात मी त्यावर दीड पान लिहिलं. शिस्तबद्ध चौकोनाला शिवणारीने दिलेला छेद, वगैरे वगैरे. टाळ्याही मिळाल्या. परत आल्यावर मोठ्या कौतुकाने मावशींना ते सांगितलं.

"त्ये व्हय? तिथं शिवण आडवी आली. दोन सुया मोडल्या. मग दिलं वळवून. चुकलंय त्ये."

जीन्सच्या शिवणीत कापड दुमडून दुमडून चार-चार थर होतात. हाताची सुई त्यातून जात नाही. माझा 'छेद' म्हणजे मोडलेल्या दोन सुया होत्या.

तुम्ही म्हणाल, मग शिवणारी म्हणेल तेच खरं, समीक्षकाने गप्प बसावं. तसंही मला वाटत नाही. तो वळसा मला अजून आवडतो, आणि आवडला असं म्हणायचा हक्क मला आहे. फक्त त्याला मावशींचा हेतू म्हणायचा हक्क नाही. ज्या जागी त्यांनी खरोखर विचार केला होता, म्हणजे चौकट आणि खिशांच्या सावल्या, तिथे मी चार ओळी लिहिल्या होत्या आणि जिथे त्या अडखळल्या तिथे दीड पान. हे प्रमाण मला खटकायला हवं होतं.

ही चूक मी एकटीनेच केली असं नाही, तिला मोठी परंपरा आहे. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने अमेरिकन क्विल्ट भिंतीवर टांगल्या आणि त्यांच्याकडे अमूर्त चित्रांसारखं बघायला सांगितलं. पुढे अलाबामातल्या जीज बेंड या कृष्णवर्णीय वस्तीतल्या बायकांच्या क्विल्ट २००२ साली ह्यूस्टनमध्ये आणि मग व्हिटनीत लागल्या, तेव्हा समीक्षकांना मातीस आणि पाउल क्ले आठवले. आठवोत बापडे. पण या क्विल्टमधल्या कॉर्डरॉयचा किस्सा मला जास्त बोलका वाटतो. १९७२ साली सीअर्स या बड्या दुकानाने तिथल्या बायकांच्या सहकारी संस्थेला कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवायचं काम दिलं. अभ्रे दुकानात गेले, उरलेलं कापड घरोघरी गेलं आणि त्याच्या क्विल्ट झाल्या. जाड, उभ्या रेघांचं कापड, बारीक तुकड्यांना दाद न देणारं, म्हणून तुकडे मोठे आणि रंग ठसठशीत. हा कारखाना आणि गोधडी यांचा थेट संबंध आहे. उल्हासनगरची कतरण अंबरनाथला येते ती गोष्टही वेगळी नाही.

त्याच वस्तीतली मिझूरी पेटवे यांची १९४२ ची क्विल्ट मेलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची आहे. त्याची आठवण राहावी आणि ती पांघरता यावी म्हणून शिवलेली. म्हणजे मायेला माझा विरोध नाही. पण त्या क्विल्टमध्येही माया दिसते ती मळलेल्या, फिक्या पडलेल्या कापडातून. कापड नीट बघितल्याशिवाय ती हाती लागत नाही.

आपल्याकडे बंगालच्या कांथेला १९३९ सालीच स्टेला क्रामरिश यांच्यासारखी अभ्यासक भेटली. कांथेवर हत्ती, कमळ, माणसं भरलेली असतात, त्यामुळे कलेच्या अभ्यासकाला वाचायला काहीतरी सापडतं. गोधडीत चित्र नसतं. तिच्यात कापड, टाका आणि जागा एवढंच असतं, म्हणून ती 'वाचायची' कशी ते आपण शिकलोच नाही आणि आजीकडे वळलो.

बदलापूरच्या नव्या संकुलांमध्ये सध्या क्विल्टिंगचे वर्ग चालतात, त्याबद्दलही लिहायला हवं. विद्यापीठात याचा विषय निघाला की लोक नाक मुरडतात. हौशी बायका, विकतचं कापड, यूट्यूबवरचे नमुने. मी दोन वर्गांना बसले आणि मला उलटाच अनुभव आला. तिथे बायका एकमेकींच्या कामावर सडकून बोलतात. "तुझे कोपरे जुळले नाहीत." "हा पिवळा बाकीच्यांना खाऊन टाकतोय." "पाव इंच शिवण सगळीकडे सारखी नाहीये." माझ्या अख्ख्या विभागात गोधडीबद्दल इतकं स्पष्ट कोणी बोलत नाही. अडचण आहे ती किटमध्ये. त्यात एकमेकांशी आधीच जुळवून ठेवलेल्या रंगांचे कोरे तुकडे येतात. म्हणजे कुठलं कापड कशाशेजारी ठेवायचं हा सगळ्यात अवघड निर्णय दुकानदाराने घेऊन टाकलेला असतो. मग काम सफाईदार होतं आणि चार जणींचं एकसारखं दिसतं. ज्या एकीने किटमधल्या गुलाबीऐवजी स्वतःच्या मुलाच्या शाळेच्या गणवेशाचा खाकी घातला, तिची क्विल्ट मला त्या खोलीत एकटी उठून दिसली. तो खाकी खरं तर तिथे नीट बसलेलाही नव्हता.

राहता राहिला मावशींच्या वाकळीचा निकाल. देखणी आहे, मधला चौक तर फारच. पण पांघरायला ती वाईट आहे. जड आहे, अंगाला धरत नाही, पावसाळ्यात धुतली तर वाळायचं नाव घेत नाही. हे मी भीत भीत म्हटलं, तर मावशी हसल्या. "पांघरायला कुणी केलीय? बसायला हाय ती. पांघरायची निराळी." कॉटवरची साडीची वाकळ त्यांनी माझ्या मांडीवर टाकली. वजनच नव्हतं तिला.

पुढच्या वाकळीसाठी त्यांनी माझ्याकडे जुनी जीन्स मागितली होती, गुडघ्यावर पांढरी झालेली असेल तर बरी म्हणून. मी एक घेऊन गेले. फिक्या कापडावरून ते वापरलेलं आहे हे ओळखायची माझी युक्ती मी तोवर प्रकरणात लिहूनही टाकली होती. मावशींनी पँट उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"ही घासून पांढरी केलीय. वापरून न्हाई."

"कशावरून?"

"दोनी गुडघं सारखंच हायेत. माणसाचं कुठं असं असतंय."

ठेवून मात्र घेतली. कडेला लावते म्हणाल्या.